गोजाबाईने लावलेली लाख

पिंपरी गावात गोजाबाईशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस शोधायचा, तर तो पाळण्यातच शोधावा लागला असता. बाईच्या नाकावर राग होता, असं लोक म्हणत. नाकावर कसला, राग तिच्या घरचाच होता, जेवायला तिच्याबरोबर बसायचा. आणि का नसावा? ऐन तिशीत नवरा गेला, तेराव्याचं जेवण उरकतंय न उरकतंय तोच दिरांनी नदीकाठचं काळं रान आपापसांत वाटून घेतलं आणि हिच्या वाट्याला माळावरचा खडक दिला. ज्या जमिनीत तरवडसुद्धा मन मारून उगवतो, तिला जमीन म्हणायचं आणि वर उपकार म्हणून दाखवायचं. गोजाबाई रडली नाही. भर चावडीवर दिरांच्या सात पिढ्या उद्धरून आली आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन देहूरोडच्या वाटेला लागली.

देहूरोडला लष्कराची छावणी. मुंबई राज्यात दारूबंदी आलेली, पण लष्कराच्या मेसला मोकळीक होती. गरिबाने घोटभर घेतली तर तुरुंग आणि साहेबाने खोकं रिकामं केलं तर सलाम, असा तो कायदा. मेसच्या मागच्या बाजूला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडायचा. तपकिरी, जाड काचेच्या, हातात जड लागणाऱ्या बाटल्या. गोजाबाई त्या विकत घ्यायची, पवनेच्या पाण्यात राख-वाळू घालून घासायची आणि तेल्याला, रॉकेलवाल्याला, निर्वासितांच्या छावणीतल्या सरबतवाल्यांना विकायची. पुढे तेल्याने तिला बाटल्या भरायचंही काम दिलं. बाटली भरायची, बूच ठोकायचं आणि वरून लाख लावायची.

ही लाख म्हणजे बाईचा जीव की प्राण. लाखेत थोडी राळ घालून ती पातळ करायची, बाटलीची मान त्यात बुडवायची, सुतळी आडवीउभी आवळायची आणि पुन्हा बुडवायची. लाख ऊन असतानाच थुंकी लावलेला अंगठा वरून दाबायचा. हाताला चटका बसायचा, पण तिच्या अंगठ्याच्या रेघा लाखेत स्वच्छ उमटायच्या. दुसऱ्या कोणाचा शिक्का तिला चालत नसे.

यावरून किराणा दुकानदार भिमाजीशी तिचं कायमचं वाजायचं.

"गोजाक्का," भिमाजी म्हणायचा, "आत बूच घट्ट बसलंय. त्याच्यावर ही लाख कशापायी? नवरदेवाला बाशिंग बांधल्यागत नुसती शोभा."

"शोभा तुझ्या टकलाला लागती. लाख हाय म्हंजी मधी कुनी हात घातला न्हाई. घातला तर लाख वरडून सांगती."

"चोरानं गरम सुरी लावली की लाख अल्लाद उचलती. तेल काढून पानी घातलं, परत चिकटवली, तुला पत्ता लागनार न्हाई."

"तुझी उचलत आसंल. माझी न्हाई उचलायची!"

एकदा हे फारच वाढलं, तेव्हापासून भिमाजीच्या दुकानात तिने वर्षभर पाऊल टाकलं नाही. मीठ आणायला चिंचवडला जायची. लाखेला कोणी फुकाची म्हटलं की बाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिच्या बाटलीतलं तेल शुद्ध, हे सांगायला तिच्याकडे ना दुकान होतं ना पाटी. ती लाखच काय ती तिची साक्षीदार होती, आणि आपल्या साक्षीदाराला खोटं म्हटलेलं कोणाला सोसेल?

त्या सुमारास पिंपरीच्या माळावर सरकारचा औषधांचा कारखाना उभा राहत होता. गावोगावचे लोक बांधकामावर यायला लागले. परांड्याकडचा ज्योतीराम आणि त्याची बायको दुर्गाबाई दोन लहान पोरं घेऊन आले आणि गोजाबाईच्या पडवीत भाड्याने राहिले. ज्योतीराम बांधकामावर विटा वाहायचा, दुर्गाबाई घर सांभाळून वाळू चाळायला जायची. ही दुर्गाबाई म्हणजे सगळा मऊ कारभार. कोणी पायावर पाय दिला तरी हीच आधी 'लागलं का' म्हणून विचारणार. मुकादमाने तिची हजेरी बुडवली तेव्हा ती गप्प घरी आली. गोजाबाईने पदर खोचला, बांधकामावर जाऊन मुकादमाची अशी हजेरी घेतली की त्याने दुसऱ्या दिवशी निमूट दुर्गाबाईचं नाव लावलं. तेव्हापासून दुर्गाबाईच्या वाट्याची भांडणं गोजाबाईच भांडायची. दुर्गाबाईने ती भांडायला सांगितली होती का, हे तिने कधी विचारलं नाही.

ज्योतीरामला पोटाचा आजार होता. जेवण अंगी लागत नसे. दुर्गाबाईच्या आईला परांड्याच्या एका हकिमाने जांभळाचा शिरका, म्हणजे रस आंबवून केलेलं आंबट औषध, करायला शिकवलं होतं, तोच उपाय तिला ठाऊक. जांभळांचा हंगाम आला तशी नदीकाठची पडलेली जांभळं तिने पाटीभर वेचून आणली, रस काढला, मडक्यात भरला आणि तोंडाला फडकं बांधून कोपऱ्यात ठेवला. दीड-दोन महिने हलवायचा नाही म्हणाली, मग त्याचा शिरका होतो.

मडकं ठेवून चार दिवस झाले नसतील, तोच जमादार रंगराव दोन शिपाई घेऊन दारात उभा राहिला.

आता या रंगरावाबद्दल सांगायलाच हवं. ओढ्यापलीकडे बाभळीत हातभट्टी लागायची, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. सकाळचा वारा त्या अंगाने आला तर देवळातल्या घंटेलासुद्धा वास लागायचा. पण त्या दिशेला जमादाराचं नाक चोंदलेलं असायचं. ते का चोंदायचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणजे गोजाबाई सोडून. तिने एकदा भर बाजारात विचारलं होतं. पण वरच्या साहेबाने दारूच्या केसेस दाखव म्हणून तगादा लावला, तेव्हा जमादाराचं नाक मोकळं झालं आणि ते नेमकं या परक्या बाईच्या मडक्याकडे वळलं.

"काय गं, ह्यात काय लावलंय? फसफसतंय की!"

"जांभळाचा रस हाय, साहेब. मालकाच्या पोटासाठी," दुर्गाबाई म्हणाली.

"रस! रसाला फेस येतो व्हय?"

ज्योतीराम कामावर गेला होता. बाईच्या घराची झडती, तेव्हा पंचांत एक बाई हवी. शिपायाने हाक मारायच्या आत गोजाबाई आलीच होती. तिने मडक्यात बोट घातलं, चाटलं आणि जमादारापुढे हात नाचवला.

"गोड-आंबट रस हाय ह्यो! ही दारू आसंल तर माझ्या गाईचं दूध ताडी म्हना! खरी दारू पायजे तर वढ्यापल्याड जा की. का तिकडची पायवाट मोडलीय?"

जमादार लालबुंद झाला, पण पंच म्हणून तीच हाताशी होती. त्याने तिच्याच पाटीतली एक बिअरची बाटली उचलली, रसाने भरली आणि उरलेलं मडकं अंगणात आपटून फोडलं. तपासणीला पाठवायला म्हणून एक लहान शिशी वेगळी भरली, तिला नुसतं बूच लावलं. मग खिशातून लाखेचा बोटाएवढा तुकडा काढून तो मोठ्या बाटलीच्या बुचावर दोन थेंब टाकायला लागला.

गोजाबाईचं डोकं इथे फिरलं. दोन थेंब! म्हणजे चौकीत नेऊन हा ते खरवडणार, रस ओतून भट्टीची दारू भरणार आणि या गरीब बाईला खडी फोडायला पाठवणार. तिला ते डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आणि एकदा गोजाबाईला काही दिसलं की देवाची विनंतीसुद्धा चालत नसे.

"ठेवा ती खाली!" ती गरजली. "मुद्देमाल हाय ना? मंग नीट बांधा. म्या बांधते. माझ्या लाखेला हात लावून दावा, म्हंजी कळंल."

ती घरातून लाखेचं भांडं घेऊन आली. दुर्गाबाई तेवढ्यात तिच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आक्का, त्याचं तोंड आसं बांधू नका. फडकं लावा नुसतं. शिरक्याला वारं लागतंय. कोंडलं की नासतंय ते."

"तू गप बस! तुला काय कळतंय कोर्टातलं? नासंना का. तुझी मान वाचती का शिरका, काय पायजे तुला?"

दुर्गाबाई मागे सरकली. ती नेहमीच सरकायची.

बाईने बूच दगडाने आत ठोकलं. मान लाखेत बुडवली, सुतळी आवळली, परत बुडवली. जमादाराने आपला पितळी शिक्का एका बाजूला उमटवला आणि गोजाबाईने ऊन लाखेत आपला अंगठा असा दाबला की फोड आला. फोड आला त्याचाही तिला अभिमान. चौकीपर्यंत ती त्या बाटलीमागे चालत गेली आणि दुर्गाबाईला जामीन राहून परत घेऊन आली. वाटेत भिमाजीच्या दुकानासमोर मुद्दाम थांबली.

"लाख कशापायी म्हनून इचारत व्हतास ना? आता बघ कशापायी ते!"

खटला उभा राहायला दसरा उलटला. तोवर ज्योतीरामला मुकादमाने कामावरून काढलं होतं. बायको दारूच्या केसमध्ये, म्हणजे नवरा दारुडा, असा हिशेब. आधी सुटून ये, मग बघू, म्हणाला. तो गावाकडे मजुरी शोधायला गेला आणि घर पुन्हा उभं राहणार की नाही, ते सगळं त्या एका बाटलीवर येऊन ठेपलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात दुर्गाबाईचा तरुण वकील भेटला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"बाई, नशीब तुमचं चांगलं आहे," तो म्हणाला. "तपासणीची शिशी वाटेत सांडली, रिपोर्टच आलेला नाही. आता पोलिसांची सगळी भिस्त त्या मोठ्या बाटलीवर. तुम्ही एवढंच सांगायचं, सील माझ्यासमोर लागलं नाही. मी दाखवून देतो की लाखेला काही अर्थ नाही, ती कोणीही उचलून परत लावतो. दुर्गाबाई दुपारी घरी."

"पर सील म्या सवता लावलंय की!"

"ते कोणी विचारणार नाही."

"आन खोटं कामून बोलू? आत रस हाय, दारू न्हाई!"

"बाई, आत काय आहे ते बघायची वेळच येऊ द्यायची नाही," वकील म्हणाला आणि पुकारा झाला म्हणून आत पळाला.

हे वाक्य गोजाबाईच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. म्हणजे खरं काय ते कोणालाच बघायचं नव्हतं. जमादाराला नाही, वकिलाला नाही, वर बसलेल्या मॅजिस्ट्रेटलाही नाही. त्यांना फक्त लाख हवी होती, एकाला शाबूत आणि दुसऱ्याला मोडकी. आतल्या जांभळाशी आणि ते वेचणाऱ्या बाईशी कोणाला देणंघेणं नव्हतं. साक्षीच्या पिंजऱ्यात ती चढली तीच पेटून.

टेबलावर बाटली ठेवली होती. चार महिन्यांत लाखेचा टवकाही उडाला नव्हता. तिचा अंगठा जसाच्या तसा होता. तो पाहून तिला आपल्या माणसाला पाहिल्यासारखं वाटलं.

वकील उठून बोलायला लागला. "महाराज, अशा सीलला कायद्यात काय किंमत द्यायची? लाख ही नुसती शोभेची वस्तू आहे. गरम सुरी लावली की ती उचलते, आणि आत काय वाटेल ते..."

"खोटं बोलतोय ह्यो!"

सगळं कोर्ट पिंजऱ्याकडे वळलं. वकिलाचा तर आ वासलेलाच राहिला.

"म्या लावलीय ती लाख. ह्यो बघा माझा आंगठा. ती उचलत न्हाई. जमादाराच्या बापाला उचलायची न्हाई! चार म्हैनं झालं, आतला थेंब हाय तसा हाय."

मॅजिस्ट्रेटने चष्मा वर केला. "बाई, तुमच्यासमोर सील झालं?"

"म्होरं न्हाई साहेब, माझ्या हातानं झालं. आन ह्या लोकांचं काय ऐकत बसलाय? फोडा ती. वास घ्या. जांभळाचा रस निघंल न्हाईतर शिरका निघंल. दारू निघाली तर मला आत टाका."

"बाई, तुम्ही बचावाच्या बाजूच्या ना?" मॅजिस्ट्रेटने विचारलं. वकिलाने कपाळाला हात लावला.

फोडायचा हुकूम झाला. शिपायाने सुरीने लाख खरवडायला घेतली, पण ती जागची हलेना. गोजाबाईलाच राहवलं नाही. "आसं न्हाई मुडद्या, पाठीनं ठोक," ती ओरडली. शिपायाने सुरीच्या पाठीने ठोकलं. लाखेची ढलपी उडाली, सुतळी तुटली आणि दुसऱ्या क्षणी बार उडाल्यासारखा आवाज झाला. बूच आढ्याला लागून कारकुनाच्या पाठीवर पडलं. जांभळा फेस टेबलावर, कागदांवर आणि शिपायाच्या सदऱ्यावर उसळला. सगळ्या खोलीभर वास सुटला. तो ओळखायला कोणाला तपासणीची गरज नव्हती.

मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. पाठोपाठ सगळे हसायला लागले. सगळ्यांत थक्क झाला होता जमादार रंगराव. आपण खरीच दारू पकडली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"ह्या मेल्यानं बदलली!" गोजाबाई किंचाळली. पण तिचाच आवाज तिला पोकळ वाटला. बदलणार कशी? लाख तिची होती. आताच तिने शपथेवर सांगितलं होतं की तिला कोणी हात लावू शकत नाही.

"आरोपीला काही म्हणायचं आहे?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

दुर्गाबाई हात जोडून उभी राहिली. "साहेब, तवा त्यो रसच व्हता. उघडा ठेवला की वाऱ्यानं त्याचा शिरका व्हतो. तोंड कोंडलं की त्याची दारू व्हती. माझी आई सांगायची."

"म्हणजे आता ही दारू आहे, हे कबूल?"

"आता हाय, साहेब."

"आणि तोंड कोणी कोंडलं?"

दुर्गाबाईने मान वर करून पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

तीन महिन्यांची सजा झाली. जी बाई उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवली नव्हती, तिला दारूच्या गुन्ह्यासाठी तीन महिने. आणि ओढ्यापलीकडची भट्टी त्या दिवशीही पेटलेली होती. काय करायचं त्या न्यायाला? सील मोडकं असतं तर तोच रस निर्दोष ठरला असता. सील पक्कं होतं म्हणून तो गुन्हेगार ठरला. गोजाबाईने बाहेर येऊन वकिलाची गचांडी धरली.

"तुला ठावं व्हतं का आसं व्हनार?"

"नाही," वकील म्हणाला. तो खरं बोलत होता. "म्हणून तर उघडू नका म्हणत होतो. जे ठाऊक नसतं ते उघडू नये, बाई." त्याने आपली कॉलर सोडवून घेतली आणि पुढच्या केसला गेला.

गोजाबाईने मग जमादाराला शिव्या दिल्या. मॅजिस्ट्रेटला दिल्या, दारूबंदी आणणाऱ्यांना दिल्या, परांड्याच्या हकिमाला दिल्या. व्हरांड्यातल्या लोकांना तो तमाशाच झाला. दुर्गाबाईला गाडीकडे नेत होते. ती शिपायाला थांब म्हणाली. त्या बाईने कोणाला थांब म्हटलेलं गोजाबाईने पहिल्यांदाच ऐकलं.

"आक्का," दुर्गाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जे होतं ते गोजाबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं, फक्त या चेहऱ्यावर ते तिने कधी पाहिलं नव्हतं. "पोरांचं बगा. आन त्यांच्यावर वरडू नका."

एवढं बोलून ती गाडीत चढली.

गोजाबाई चालत पिंपरीला आली. रस्त्यावर भिमाजीचं दुकान लागलं. भिमाजीच्या कानावर सगळं आलेलं दिसत होतं. तो काहीतरी बोलायला उठला आणि तिचं तोंड पाहून परत बसला.

पोरं शेजारच्या छबूबाईकडे ठेवली होती. ती घेऊन गोजाबाई घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापायला बसली. धाकटं पोर पिठात हात घालून सगळीकडे उधळत होतं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले आणि पीठ गोळा केलं.

थोरली पोर पाच-सहा वर्षांची, आईसारखीच हळू बोलणारी. ती चुलीजवळ येऊन बसली.

"आक्का, माय कुटं हाय?"

"न्हेलीय."

"कुनी न्हेली?"

आजवर गोजाबाईला असल्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं नव्हतं. रान कोणी नेलं, तर दिरांनी. हजेरी कोणी बुडवली, तर मुकादमाने. तिच्या जन्मातल्या प्रत्येक वाईटाला एक नाव होतं आणि ते नाव ती मोठ्याने घ्यायची. आताही नावं तोंडाशी दाटली. जमादार होता, मॅजिस्ट्रेट होता, वकील होता, आणि एकही नाव अगदीच खोटं नव्हतं. पोर तिच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"म्या न्हेली," गोजाबाई म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती उलटली आणि त्यातली बरी बाजू पोरीच्या ताटात वाढली.